रुद्रेशची पेटी

१८ नोव्हेंबर

आज रुद्रेशशी भांडलो. म्हणजे मी ओरडत होतो आणि तो फोनवर बोटं चालवत होता. त्याची बोटं थांबली की फोनमधली बाई बोलायची. श्रावणात त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाजाचा अवयवच काढून टाकला, तेव्हापासून माझ्या पोराच्या वतीनं ही बाई बोलते. तो टाइप करतो आपलं कोल्हापुरी आणि ती बया ते बातम्या दिल्यासारखं म्हणते. "आप्पा, उगंच डोस्कं फिरवून घेऊ नका." बातम्या देणाऱ्या बाईनं असं म्हणल्यावर माणसानं रागवायचं तरी कसं? तरी मी रागावलो.

झालं असं. त्याच्या सगळ्या पासवर्डांची एक पेटी असते म्हणे. पेटी म्हणजे फोनमधलं एक ॲप. सगळ्या कुलपांच्या किल्ल्या आत, आणि त्या पेटीची मोठी किल्ली फक्त त्याच्या डोक्यात. तो नसला तर पेटी उघडायला घरातलं एक विश्वासाचं माणूस नेमता येतं. त्यानं मला नेमलंय. माझ्या मेलवर निरोप आलाय, त्यात "स्वीकार करा" असं बटण आहे, त्यावर मी बोट ठेवायचं.

मी म्हणालो, "तुझ्या मरणाच्या कागदावर अंगठा उठवू काय मी?"

बाई म्हणाली, "कागद न्हाय आप्पा, बटण हाय."

"मग बटण. न्हाय दाबणार. तू बरा हो आणि तुझी पेटी तूच उघड."

तो हसला. आवाज नाही, नुसते खांदे हलले. मी चप्पल घालून अडतीत निघून आलो. शाहूपुरीत आमची गुळाची अडत आहे, हंगाम सुरू झालाय, सौद्याला मालक उभा लागतो. पण आज ढेपेचा रंग बघतोय आणि डोळ्यापुढं दुसरंच. हमालानं दोनदा हाक मारली तेव्हा कळलं.

मेल्यावरची सोय लावतंय कार्टं, बापाच्या देखत.

२१ नोव्हेंबर

पेटीत काय आहे ते आज कळलं.

शिवम्मा, रुद्रेशची आई, मठात गेलती. ती नाही बघून रुद्रेशनं मला आत बोलवलं. सूनबाई, शिवलीला, खाली बसून त्याच्या गळ्यातल्या नळीच्या कापडांच्या घड्या करत होती. रुद्रेश टाइप करत गेला आणि बाई सांगत गेली. ऑपरेशनच्या आधी त्याचा आवाज होता तेव्हा त्यानं तेजूसाठी बोलून ठेवलंय. दर वाढदिवसाला एक, ती अठरा वर्षांची होईपर्यंत. आमची तेजस्वी फेब्रुवारीत सहाची होणार. आषाढात हा दार लावून खोलीत बसायचा, मला वाटायचं ऑफिसचं काम चाललंय. आणि हा पोरीचं लग्नाचं वय होईपर्यंतचं बोलून मोकळा झालता.

ते सगळं त्या पेटीतच आहे. दुसरीकडं कुठं ठेवलं नाही. लॅपटॉप कंपनीचा होता, तो परत दिला. साधं फोनवर ठेवलं तर कुणीतरी आधीच लावेल आणि एकदा ऐकलं की पुढच्या वर्षाला काय राहिलं, असं त्याचं म्हणणं.

मी म्हणालो, "मग बायकोला दे की किल्ली. मी पिकलं पान, मला कशाला?"

शिवलीला म्हणाली, "मीच नको म्हणलं आप्पा. माझ्याच्यानं दम निघायचा न्हाय. एका बैठकीत सगळी ऐकून बसंन मी."

बाई म्हणाली, "आप्पा कुणाचा भाव कुणाला फोडत न्हाईत. हे पण फोडणार न्हाईत."

हे मात्र खरं. उभी हयात अडतीत गेली. शेजारच्याची ढेप कितीला गेली असं विचारलं की मी म्हणतो, चहा घेणार काय? शेतकऱ्याचं पोटातलं व्यापाऱ्याला कळत नाही आणि व्यापाऱ्याचं शेतकऱ्याला. माझ्या या गुणाचं पोराला कौतुक आहे हे मला आज पहिल्यांदा कळलं. मी नुसतं खाकरलो.

"आणि अव्वाला सांगायचं न्हाय," बाई म्हणाली. आईला तो अव्वा म्हणतो. "ती रोज ऐकायला मागंल."

शब्द दिला, नाही सांगणार. पण बटण दाबलं नाही. पोरगं बोट दाखवून सांगत होतं, मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

३० नोव्हेंबर

रुद्रेशनं सम्राटला बोलावून घेतलं. हा त्याचा ऑफिसातला दोस्त, रोज फोन करणारा. माझी समजूत घालायला माणूस आणलाय हे मी ओळखलं.

सम्राटनं मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. पहिल्यांदा पेटीचा मालक नाव सुचवतो, ते झालंय. मग ज्याचं नाव आहे त्यानं हो म्हणायचं. मग मालकानं आपल्या फोनवरून पुन्हा एकदा पक्कं करायचं. एवढं झालं की वेळ येईल तेव्हा मी नुसती मागणी करायची. पेटी लगेच उघडत नाही. मालकाला सात दिवस विचारत राहते, देऊ काय, देऊ काय? मालक नको म्हणाला तर नाही देत.

"आणि मालक काहीच म्हणाला न्हाय तर?"

सम्राट रुद्रेशकडं बघायला लागला.

मी म्हणालो, "म्हणजे माझं पोरगं न्हाय म्हणायला उरलं नाही म्हणजे संपलं, असं ते यंत्र धरणार. आणि मी हितं बसून सात दिवस बघायचं, न्हाय म्हणतंय काय, न्हाय म्हणतंय काय. वा रे तुमची अक्कल."

"काका, एवढा तिढा कशाला? आता नुसतं बोट लावा. दोन मिनिटांचं काम हाय."

"संक्रांत होऊ दे. मग बघू."

खरं कारण इथं लिहून ठेवतो, कुणाला सांगितलं तर हसतील. दोन्ही बाजू हो म्हणाल्याशिवाय सौदा पक्का होत नाही. एक बाजू आडून बसली की माल हलत नाही, मग समोरचा कितीही मोठा असू दे. मी हो म्हणत नाही. बघू माझ्या पोराला कोण नेतंय ते.

९ डिसेंबर

आज बरा होता. दुपारी तेजू त्याच्या पोटाला टेकून बसली आणि फोनमधल्या बाईकडून गोष्ट ऐकली. बाई राक्षसाचं बोलणं पण त्याच सुरात म्हणते, "मी तुला खाऊन टाकीन," तेजू खिदळते. तिला बापाचा खरा आवाज आठवतो की नाही कोण जाणे. तिला बाबाचा आवाज म्हणजे ही बाईच.

बाईनं तिला सांगितलं, "वाढदिवसाला मी तुझ्याशी मोठ्ठं बोलणार हाय."

"किती मोठ्ठं?"

"तू ढेपेएवढी होशील एवढं."

शिवम्मा फोन पदरानं पुसून त्याच्या उशाशी ठेवते. चार्जिंगला लावायचं तेवढं एक तिला येतं, ते ती दुसऱ्या कुणाला करू देत नाही. मी म्हणालो, अगं फोन हाय, देव न्हवं. तर म्हणाली, "माझ्या लेकराचं तोंड हाय ते."

संध्याकाळी रुद्रेशनं माझा फोन मागून घेतला, तो मेल उघडून माझ्यापुढं धरला. मी म्हणालो, अरे संक्रांत म्हणालोय न्हवं? त्यानं फोन खाली ठेवला.

१४ डिसेंबर

परवा सकाळी रुद्रेश गेला.

डॉक्टर म्हणाले होते महिनाभर काढील. दूध घ्यायला खाली गेलतो, तेवढ्यात.

लिहायचं म्हणून लिहितो. आमच्यात जाळत नाहीत, बसवून मिठात पुरतात. आंघोळ घालून, विभूती लावून बसवला, नवी शाल पांघरली. बसलेला बघून तेजू म्हणाली, बाबा बरा झाला. रुद्रभूमीत खड्डा तयार होता. मी स्वतः उभं राहून मिठाची पोती रिकामी करवून घेतली, कमी पडायला नको म्हणून आणखी एक मागवलं. माणसं म्हणत होती, चन्नाप्पा, तुम्ही बसा. बसून काय करू?

आत उतरवायच्या आधी शिवम्मा पुढं झाली. स्वामी म्हणाले, लवकर करा, तरी तिचं आपलं चाललंय. शाल नीट करते, शालीच्या आत हात घालून छातीशी काहीतरी सारखं करते, परत शाल नीट करते. शिवलीला तिच्या खांद्याला धरून उभी होती. शेवटी मीच ओरडलो, सोड की आता त्याला.

मला रडू येत नाही. अजून आलं नाही.

१६ डिसेंबर

अडतीत गादीवर बसून बटण दाबलं. स्वीकार केला. इतकं सोपं होतं? बोट लावलं न लावलं तोच हिरवी खूण आली. आणि खाली ओळ: "आता रुद्रेश यांनी पक्कं करायचं आहे."

मी ती ओळ वाचली, परत वाचली. सम्राटला फोन लावला.

तो म्हणाला, "काका, काळजी करू नका. त्याच्या फोनवरून एकदा पक्कं केलं की झालं. फोनच्या कुलपाचा नंबर वहिनींना माहीत आहे, त्या फोनवर पेटी पण त्याच नंबरानं उघडते. आजारपणात बोटं थरथरतात म्हणून त्यानं तसं ठेवलंय. फोन घेऊन या नुसता."

घरी आलो तर फोन नाही. उशाशी नाही, कपाटात नाही, औषधांच्या पिशवीत नाही. शिवलीलाला विचारलं, म्हणाली, "दिसला न्हाय आप्पा." शिवम्माला विचारलं, ती देवापुढं बसलेली, मागं पण बघितलं नाही.

"कशाला पायजे तुमाला त्यो?" एवढंच म्हणाली.

शब्द दिलाय, तिला सांगता येत नाही. म्हणालो, "काम हाय."

"तुमचं काय काम त्याच्यात?"

१७ डिसेंबर

त्याच्या नंबरवर सारखा लावतोय. "आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे." ही पण बाईच, पण वेगळी. बंद आहे म्हणत नाही, बाहेर आहे म्हणते. म्हणजे फोन चालू आहे आणि कुठंतरी रेंज नसलेल्या जागी आहे. म्हणजे कुणीतरी नेलाय.

शिवम्मा दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "सारखं सारखं लावू नका त्याला." मी म्हणालो, तू गप बस, तुला काय कळतंय.

२० डिसेंबर

रेंज नसलेली जागा. डोकं लावलं तर उत्तर सापडलं. माझी बहीण, पेठ वडगावची आक्का, तिचा पोरगा बसवराज, आमचा बसू, गगनबावड्याकडं नोकरीला आहे. तिथं फोन धड लागत नाही, तो स्वतःच सांगतो. आणि त्या दिवशी मयत हलल्यावर खोली आवरायला तोच मागं राहिलता.

आज सुट्टीला तो वडगावला आलाय, तिथं फोन लावला. गोड बोलायचं ठरवलतं, पण माझं तोंड. म्हणालो, घेतला असशील तर आणून दे, मी विचारणार नाही. पोरगं आधी कळेचना म्हणालं. मग आक्कानं त्याच्याकडून फोन ओढून घेतला असणार.

"चन्न्या, तुझं पोरगं गेलंय म्हणून सोडतो मी तुला," आक्का म्हणाली. "माझ्या लेकानं त्याच्या गादीखालचं सगळं हातानं धुतलंया. आणि त्याला तू चोर म्हणतोस?"

ठेवून दिला. शिवम्मा हुंदके द्यायला लागली, "न्हाय वो, बसूनं न्हाय घेतला, त्या पोराला कशाला?" मी विचारलं, तुला कसं ठाऊक? तर म्हणाली, "जिथं हाय तिथं बरा हाय, राहू द्या." दुःखानं माणसाचं डोकं कसं होतं बघा. फोन बरा आहे म्हणे.

२८ डिसेंबर

सम्राटनं पेटीच्या कंपनीला लिहिलतं. मृत्यूचा दाखला जोडला, मी बाप आहे हे जोडलं, तेजूचं लिहिलं. आज उत्तर आलं. फार सभ्य उत्तर. दुःख झालं म्हणतात. पण किल्ली त्यांच्याकडं नाही, कधी नव्हतीच. त्यांनी मुद्दामच तशी पेटी बांधलीय, की बांधणाऱ्यालाही उघडता येऊ नये. रुद्रेशनं मला आधी पक्कं केलं असतं तर फोनबिन काही लागलं नसतं, माझ्या माझ्या मेलवरून उघडलं असतं.

मी सम्राटला म्हणालो, कोल्हापुरात असं एक कुलूप दाखव जे फुटत नाही. बँकेची तिजोरी फुटते, माणसाचं डोकं फुटतं. तो म्हणाला, काका, हे नाही फुटत. शंभर वर्षं नुसते आकडे लावत बसलो तरी नाही.

"मग तुम्ही असलं बनवता कशाला?"

"चोरांसाठी."

"मी चोर हाय काय?"

तो चप्पल घालायला लागला. त्याला पण रडू आलं असावं, लवकर गेला.

फोन सापडायला पाहिजे. एवढंच एक राहिलंय. हमालांना सांगून ठेवलंय, जुने फोन विकतात तिथं पण सांगून ठेवलंय.

८ जानेवारी

शिवम्मा रोज रुद्रभूमीत जाते हे मला रखवालदाराकडून कळलं. त्यानं हटकलं मला बाजारात. म्हणाला, "पावणं, तुमच्या मालकीण येत्यात, बसत्यात, बोलत्यात. मग मातीला कान लावून गप बसत्यात. वाईट वाटून घेऊ नका, पण कुणीतरी संगट पाठवा."

घरी येऊन बोललो तिला. लोकं काय म्हणतील, गुडघे दुखतात, थंडी केवढी आहे. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मी जातो, बसतो, येतो. तुमचं काय घेतो?"

"आणि कान कशाला लावतीस मातीला?"

"तुमाला न्हाय ऐकू यायचं. तुमी सारखं वराडता."

डॉक्टरकडं नेलं. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. संक्रांतीनंतर बघू म्हणालो होतो. बघतोय.

२६ जानेवारी

तेजूनं आज शिवलीलाला विचारलं, बाबा वाढदिवसाला मोठ्ठं बोलणार होता, मग कुठनं बोलणार? शिवलीला तिची वेणी घालत होती. म्हणाली, "बघू." माझाच शब्द.

पोरगी झेंडावंदनाला शाळेत गेल्यावर मी शिवलीलाला सांगितलं, अजून एका माणसाला विचारणार आहे, फोनची चोरी शोधून देतो म्हणे तो. ती म्हणाली, "नका शोधू आप्पा आता."

"अगं तुझ्या पोरीसाठी शोधतोय मी!"

"मला ठाऊक हाय. तरी नका शोधू. आणि बसूभाऊजींची माफी मागा तेवढी."

मला फार लागलं ते. दोन महिने पण झाले नाहीत आणि हिचं मन निघालं त्यातनं. तरुण आहे, पुढचं आयुष्य आहे, मी समजू शकतो. पण एवढ्यात? मी जेवलो नाही. तिनं ताट झाकून ठेवलं, परत विचारलं पण नाही. अलीकडं ती शिवम्माच्या मागं मागं असते, तिला एकटं सोडत नाही. माझ्याशी कामापुरतं बोलते.

४ फेब्रुवारी

चोरी शोधणारा माणूस लबाड निघाला. मला शोधायचंच होतं, म्हणून गेलो.

रोज मेल उघडून बघतो. "आता रुद्रेश यांनी पक्कं करायचं आहे." ती ओळ बदलत नाही. माझ्या एका बोटासाठी पोरगं एवढे दिवस बसून राहिलं आणि आता त्याच्या एका बोटासाठी मी बसलोय. त्यानं शेवटी फोन माझ्यापुढं धरला तो हात दिसतो मला, मनगटाचं हाड वर आलेलं. तेव्हा दाबलं असतं तर तिथल्या तिथं त्यानं पक्कं केलं असतं. माझ्या हो म्हणण्यानं तो गेला नसता आणि माझ्या नाही म्हणण्यानं राहिला नाही.

११ फेब्रुवारी

आज तेजूचा वाढदिवस. सगळं लिहून ठेवतो, उद्या लिहायला जमेल न जमेल.

सकाळी आक्काला फोन केला. उचलला नाही. बसवराजला केला, त्यानं उचलून "बोला मामा" म्हणलं, आणि माफी राहिली बाजूला. म्हणालो, तेजूचा वाढदिवस आहे. तो म्हणाला, व्हय, शुभेच्छा सांगा.

संध्याकाळी गल्लीतली चार पोरं बोलवली. फुगे नकोत असं मी म्हणालो होतो, शिवलीलानं लावलेच. शिवम्मा आत पुरणाच्या पोळ्या करत होती, तेजूला आवडतात म्हणून. केक मधोमध ठेवला, तेजू सुरी धरून उभी. पण कापेना. म्हणाली, "बाबा बोलू दे आधी."

मी शिवलीलाकडं बघितलं. तिनं आपला फोन पाठीमागं धरला होता, अंगठा हलताना मला दिसला. आणि बाई बोलली.

"तेजू, आज तू सहा वर्षांची झालीस. शहाणी झालीस काय? अज्जाला केकचा छोटा तुकडा दे, त्याची साखर वाढलीया."

तीच बाई. तोच बातम्यांचा सूर. शिवलीलानं तेच ॲप आपल्या फोनवर घेऊन ठेवलतं, मला काही बोलली नव्हती.

तेजू आईकडं गेली, तिच्या मागं वाकून बघितलं. म्हणाली, "हा तुझा फोन हाय." रडली नाही. नुसतं म्हणाली, आणि सुरी केकवर ठेवून दिली.

तेवढ्यात आतून शिवम्मा धावत आली. दोन्ही हात पिठानं भरलेले, पदर खांद्यावरून सुटलेला.

"लागला? लागला काय वो त्याचा फोन?" ती हसत होती. तो गेल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. "मी म्हणत न्हवतो? आत शालीत ठेवलाय मी, छातीशी, हाताला लागंल असा. त्यो बोलल्याबिगर राहायचा न्हाय. मुकं कसं धाडायचं लेकराला तिकडं? तोंड न्हाय, काय न्हाय, कुणाला काय मागंल त्यो?"

मी शिवलीलाकडं वळलो.

शिवलीलानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्या दिवशी तिनं शिवम्माचा खांदा धरला होता. हिनं बघितलं होतं. हिला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि मी आठवडेच्या आठवडे बाजार पालथा घालत होतो, भाच्याला चोर म्हणत होतो, आणि ही माझं ताट झाकून ठेवत होती.

शिवम्मा फोनकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "जेवलास काय रे?"

शिवलीलाचा अंगठा परत चालायला लागला. वेळ लागला.

"जेवलो अव्वा," बाई म्हणाली.

"थंडी वाजती काय?"

"न्हाय. शाल हाय."

शिवम्मानं पिठाचे हात जोडले आणि परत आत गेली, तव्यावरची पोळी करपत होती. तेजूनं केक कापला. मला छोटा तुकडा दिला.

मी गच्चीत जाऊन उभा राहिलो. तिथं मला रडू आलं. मीठ मीच ओतवलं होतं, एक पोतं जास्तीचं. मिठानं फोन कधीच खाल्ला असणार, आता काढून काय उपयोग? आणि कुणी काढू देईल काय? आणि काढायचं म्हणजे शिवम्माला सांगायला लागणार, तू जे त्याच्या छातीशी ठेवलंस त्यात त्याचा खरा आवाज होता, पोरीसाठी ठेवलेला, आणि तो तू पुरलास. कोण सांगणार? मी नाही. आणि तिनं तरी काय चुकीचं केलं? त्याचं तोंड त्याच्याबरोबर दिलं. मी बटण दाबलं असतं तर तो फोन पंचगंगेत पडला असता तरी काही बिघडलं नसतं.

खाली आलो तेव्हा शिवलीला भांडी विसळत होती. तिच्याजवळ उभा राहिलो. म्हणालो, "सांगायचं होतंस."

"सांगून तुमी काय केलं असतं आप्पा?"

तिनं एक भांडं माझ्या हातात दिलं, मी ते पुसून ठेवलं.

आता हे लिहितोय आणि शिवम्मा माझ्या शेजारी अंथरूण टाकतीय. आज गोळी नको म्हणाली. मग म्हणाली, "अवो, एक सांगा. त्याचं चार्जिंग टिकलंया न्हवं अजून?"

म्हणालो, "टिकलंय की."